ऊसतोड स्थलांतर आणि भाऊबीज : पाटस परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सण-उत्सवांचा अभ्यास करताना बहुधा स्थिर गाव गृहीत धरले जाते. गावात देऊळ आहे, घर आहे, अंगण आहे, सासर एका गावी व माहेर दुसऱ्या गावी आहे आणि सणाच्या दिवशी भाऊ बहिणीकडे किंवा बहीण भावाकडे जाते, असे चित्र लोकसाहित्याच्या व समाजशास्त्राच्या ग्रंथांत सर्रास आढळते. परंतु वर्षातील पाच-सहा महिने ज्यांचे गावच हलते त्यांच्या सणांचे काय होते, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यातील पाटस व त्याच्या भोवतालचा बागायती पट्टा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, जळगाव इत्यादी जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी येणारी कुटुंबे येथे हंगामापुरती वस्ती करतात. स्थलांतरित समाज म्हटला की परदेशी गेलेल्या सुशिक्षितांचा विचार होतो. त्याच भाषेतील, त्याच राज्यातील, दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसांचा होत नाही. प्रस्तुत लेखात या ऊसतोड समाजाच्या संदर्भात भाऊबीज या सणाचा विचार करावयाचा आहे.

पाटस : पाणी, रेल्वे आणि ऊस

पाटस हे पुणे-सोलापूर महामार्गावरील जुने बाजाराचे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडहून निघून पाटसमार्गे रोटी घाट चढून उंडवडी व बारामतीकडे जाते, त्यामुळे वारकरी संप्रदायाच्या नकाशावरही हे नाव आहे. तथापि गावाचे आर्थिक रूप पालटले ते दोन गोष्टींनी. १८५८ मध्ये पुण्याहून पूर्वेकडे दिक्सळपर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सुरू झाली आणि पाटस लोहमार्गावर आले. त्यानंतर दोन दशकांत खडकवासला येथे मुठा नदीवर धरण बांधण्यात आले व तेथून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे शहर ओलांडून सुमारे ११२ किलोमीटरवर पाटसच्या शिवारापर्यंत आला. धरणाजवळच्या गावांना जे पाणी सहज मिळे ते या टोकाला येता येता किती उरे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत तालुक्याच्या राजकारणात जिवंत आहे.

कालवा येण्याच्या सुमारासच, १८७५ च्या मे महिन्यात, तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्धचा उठाव झाला. दख्खनचे दंगे म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावणारा कोरडवाहू कुणबी हा त्या काळचा या भागातील प्रातिनिधिक मनुष्य होय. पुढे पाटबंधारे वाढले, सहकार आला. १९५०-५१ मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि त्या नमुन्यावर राज्यभर कारखाने निघाले. पाटसजवळ मधुकरनगर येथे भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हा कारखाना आर्थिक अडचणींमुळे काही हंगाम बंद होता व २०२२ मध्ये तो कर्नाटकातील निराणी समूहास भाडेतत्त्वावर चालविण्यास देण्यात आला. मधल्या काळात येथील ऊस तालुक्यातील इतर खाजगी कारखान्यांकडे व गुऱ्हाळांकडे जात राहिला. कारखाना कोणाचाही असो, ऊस तोडणारे हात मात्र बाहेरचेच राहिले.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. ज्या तालुक्यात दीडशे वर्षांपूर्वी कुणबी कर्जाच्या कागदाने बांधला जात होता, त्याच तालुक्याच्या शेतात आज उचलीच्या कागदाने बांधलेला कोरडवाहू शेतकरी दुसऱ्या जिल्ह्यातून येतो. बागायत झाल्याने कर्जबाजारी माणूस नाहीसा झाला नाही. तो पूर्वेकडे सरकला.

कोयता : नवरा-बायकोचे एकक

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे एक हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी कोयत्यामागे उचल देतो आणि ती तोडणीच्या मजुरीतून फेडून घेतली जाते. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते, हिशेब त्याच्या नावाने राहतो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरते, कोपीवर परतून स्वयंपाक करते; परंतु तिच्या कामाची वेगळी नोंद कोठेच होत नाही. कामास न येण्याचा दिवस म्हणजे 'खाडा', आणि खाड्याचा दंड कापला जातो.

या पद्धतीचा भाऊ-बहिणीच्या नात्याशी थेट संबंध आहे. पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल मिळते, म्हणून मुलाचे लग्न लवकर करण्याकडे कल होतो. आणि आईबाप तोडीला गेल्यावर वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या चिंतेने मुलीचेही लग्न लवकर उरकले जाते. परिणामी जी मुलगी माहेर सोडते ती अनेकदा पोरवयातच सोडते, आणि सोडल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीला ती सासरीही नसते व माहेरीही नसते. ती फडात असते. पहिल्या दिवाळसणाला लेक-जावयाला बोलावण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. ती रीत मोडण्याची ही सुरुवात होय.

यमद्वितीया ते भाऊबीज

कार्तिक शुद्ध द्वितीयेला यमद्वितीया किंवा भ्रातृद्वितीया असे शास्त्रीय नाव आहे. यमाने या दिवशी आपली बहीण यमुना हिच्या घरी जाऊन भोजन केले, म्हणून भावाने या दिवशी स्वतःच्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे अन्न घ्यावे व तिला वस्त्र-अलंकार द्यावेत, असे पुराणांच्या आधारे धर्मनिबंधकारांनी सांगितले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या व्रताचा परामर्श घेताना भ्रातृद्वितीया हा मुळात स्वतंत्र सण असून आनंदाचे दिवस वाढविण्यासाठी तो दिवाळीला जोडला गेला असावा, असे मत मांडले आहे. ऋग्वेदातील यम-यमी संवाद मात्र निराळ्याच आशयाचा आहे आणि त्याचा भाऊबीजेशी सरळ संबंध जोडण्याची घाई करू नये.

शास्त्रवचनात भाऊ बहिणीकडे जातो, ही गोष्ट महत्त्वाची. महाराष्ट्राच्या प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही रीती दिसतात : भाऊ बहिणीच्या सासरी जातो किंवा बहिणीला आणायला मुराळी जातो व ती माहेरी येते. जात्यावरच्या ओव्यांत मुराळ्याची वाट पाहणे हा विषय विपुल आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्यातील व इतर भागांतील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या संग्रहात भाऊ हा अत्यंत ठळक विषय आहे. या ओव्यांतील भाऊ केवळ प्रेमाचा विषय नाही. तो सासरच्या घरात बाईची पत राखणारा माणूस आहे. तो आला, त्याने चोळी आणली, चार माणसांत बसून जेवला, म्हणजे या बाईच्या मागे कोणी आहे हे सासरला कळते. भाऊबीज ही अशी वर्षातून एकदा होणारी जाहीर हजेरी होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दोन पंचांगे

ऊसतोड कामगाराच्या घरी दोन पंचांगे चालतात. एक चांद्रमासाचे, त्यानुसार भाऊबीज येते. दुसरे कारखान्याचे. राज्यातील गाळप हंगाम कधी सुरू करावयाचा हे मंत्रिस्तरीय समिती ठरविते आणि ती तारीख इंग्रजी महिन्यांत असते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने भाऊबीज दरवर्षी अलीकडे सरकते व अधिक मास आला की एकदम पुढे जाते. ही दोन पंचांगे एकमेकांना कशी छेदतात हे अलीकडच्या काही वर्षांवरून स्पष्ट होते.

२०२० मध्ये अधिक आश्विन असल्याने भाऊबीज १६ नोव्हेंबरला आली. हंगामास परवानगी १५ ऑक्टोबरपासून होती. त्या वर्षी मजुरीवाढीसाठी तोडणी कामगारांचा संप झाला व ऑक्टोबरच्या अखेरीस मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील बैठकीत तोडगा निघाला. संप मिटल्यावर टोळ्या निघाल्या, म्हणजे दिवाळी फडात झाली. २०२१ मध्ये हंगाम १५ ऑक्टोबर, भाऊबीज ६ नोव्हेंबर. २०२२ मध्ये पुन्हा १५ ऑक्टोबर आणि भाऊबीज २६ ऑक्टोबर. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे भाऊबीज १५ नोव्हेंबरला गेली, हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. या चारही वर्षी भाऊबीज हंगामाच्या आत पडली. २०२४ मध्ये मात्र विधानसभेच्या निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला होऊन गेली. २०२५ मध्येही हंगाम १ नोव्हेंबरला व भाऊबीज त्याआधी, २३ ऑक्टोबरला. आदेशातील तारीख आणि एखादी टोळी प्रत्यक्ष निघण्याचा दिवस एकच असतो असे नाही. पुष्कळ टोळ्या दसऱ्यानंतर लगेच हलतात, काही दिवाळी करून निघतात. परंतु एका बाईला या वर्षी भावाला ओवाळता येईल की नाही हे तिच्या घरात नव्हे तर मंत्रालयातील बैठकीत आणि अधिक मासाच्या गणितात ठरते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. निवडणुकीने हंगाम पुढे ढकलला जाऊ शकतो. भाऊबीजेसाठी तो पुढे ढकलावा अशी मागणी कोणी केल्याचे मात्र दिसत नाही.

हंगाम सुरू झाल्यावर कारखाना रात्रंदिवस चालतो. लक्ष्मीपूजनाला चरक थांबत नाही. तोडलेला ऊस वाळू लागला की वजन व उतारा घटतो, म्हणून वाहन आले की ते भरावेच लागते, मग ते पहाटे येवो वा मध्यरात्री. अशा व्यवस्थेत सणाची सुटी ही कल्पनाच बसत नाही.

फडावरची ओवाळणी

कोपी म्हणजे पाचट, बांबू व ताडपत्री यांची एक खोली. दार बुटके, आत वाकून जावे लागते. भाऊबीजेची नेहमीची मांडणी, म्हणजे सारवलेली जमीन, रांगोळी, पाट, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, तेल-उटण्याची आंघोळ, येथे जशीच्या तशी होणे शक्य नसते. जे हाताशी असेल त्यावर भागते. परंतु विधीची साधने कमी पडणे ही दुय्यम बाब आहे. मुख्य अडचण माणसाची आहे : ओवाळायचा तो भाऊ कोठे आहे?

टोळ्या बहुधा नात्यागोत्यावर बांधल्या जातात. त्यामुळे काही वेळा भाऊ व बहीण एकाच मुकादमाकडे, एकाच फडावर असतात. अशा वेळी स्थलांतर भाऊबीजेला मारक न ठरता उलट पोषक ठरते. जी बहीण गावी असती तर दुसऱ्या तालुक्यात असती ती येथे शेजारच्या कोपीत असते. परंतु भाऊ कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातील कारखान्यावर आणि बहीण पाटसला, असेही होते. गावी राहिलेल्या भावाला यावयाचे तर प्रवास आहे. बीड शहरापर्यंत रेल्वे पोहोचली ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. तोपर्यंत बीडकडील माणसाला एस.टी. किंवा ट्रक हाच आधार होता. शिवाय फड दर काही दिवसांनी बदलतो. ज्या बहिणीला पत्ता नाही तिच्याकडे भावाने जायचे कोठे, ही अडचण मोबाइल फोन येईपर्यंत खरीच होती. फोन आल्यावर ओवाळणीची रक्कम खात्यावर पाठविता येऊ लागली. पूर्वी मुंबईच्या गिरणीतील भाऊ घाटावरच्या बहिणीला मनीऑर्डर करीत असे, त्याचीच ही पुढची पायरी. फरक एवढाच की गिरणीत भाऊ दूर असे व बहीण जागेवर. येथे बहीणच दूर आहे.

भाऊ नसेल तेव्हा दोन पर्याय परंपरेनेच दिलेले आहेत. पहिला मानलेल्या भावाचा. टोळीतील शेजारी, गाडीवान, प्रसंगी ज्याच्या शेतात तोड चालू आहे तो बागायतदार, यांपैकी कोणालाही भाऊ मानता येते. या शेवटच्या नात्याचा विचार सावधपणे केला पाहिजे. ओवाळणारी बाई मजूर आणि ओवाळून घेणारा मालक असेल तर त्या ताटातील नोट ओवाळणी आहे की बक्षिसी, हे दोघांनाही नेमके सांगता येणार नाही. पण मानलेला भाऊ हे परक्या मुलखात बाईचे संरक्षणाचे साधनही आहे. रात्री-अपरात्री भरणीला जाणाऱ्या बाईला टोळीतील चार पुरुष आपल्याला बहीण मानतात याचा उपयोग असतो, आणि तो भावनेपुरता नाही.

दुसरा पर्याय चंद्राचा. ज्या स्त्रीला भाऊ नाही किंवा ज्याचा भाऊ जवळ नाही तिने चंद्राला ओवाळावे, अशी रूढी महाराष्ट्रात आहे. आईचा भाऊ म्हणून तो मुलांचा चांदोमामा.

एकाच दिवशी दोन भाऊबीजा

दौंड तालुका गुळासाठीही प्रसिद्ध आहे. केडगाव व भोवतालच्या गावांतील अनेक गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेले गुळवे व मजूर काम करतात. काही गुऱ्हाळे त्यांनीच भाड्याने चालविण्यास घेतलेली असतात. त्यांच्याकडील हिंदू कुटुंबांत याच दिवशी भैयादूज असते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो व महाराष्ट्रात अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षातील सणांचा महिना वेगळा पडतो. परंतु शुद्ध द्वितीया दोन्हीकडे कार्तिकातीलच असल्याने भाऊबीज व भैयादूज एकाच दिवशी व एकाच महिन्यात येतात. भोजपुरी प्रदेशात या दिवशी शेणाची यमाची आकृती करून ती मुसळाने कुटण्याची चाल आहे. बहिणी आधी भावाला शिव्याशाप देतात आणि मग जिभेला काटा टोचून प्रायश्चित्त घेतात. यमाला फसविण्याचा हा प्रकार मराठी भाऊबीजेच्या सौम्य रूपापेक्षा निराळा असला तरी दोहोंच्या मुळाशी भावाच्या मृत्यूचे भय आहे. त्या मानाने मराठी भाऊबीजेत यमाचा केवळ एक दिवा शिल्लक राहिला आहे.

परदेशी मराठी कुटुंबांशी तुलना केल्यास एक फरक ठळक होतो. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ असो की १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि त्याच्याशी संलग्न मंडळे असोत, तेथे दिवाळी सोयीच्या शनिवार-रविवारी साजरी केली जाते. तिथी सुटते पण सण टिकतो. ऊसतोड कामगाराला रविवारच नसल्याने सण दुसऱ्या वारी नेता येत नाही. तो दुसऱ्या महिन्यात न्यावा लागतो.

आणि तसा तो नेला जातो. माहेराशी निगडित सण एकटी भाऊबीज नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी अनेक भागांत स्त्रिया भावासाठी उपवास धरतात व पंचमीला माहेरी येतात. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी हाच सासुरवाशिणीचा मोठा सण. पंचमी श्रावणात, हंगामापूर्वी येते. आखाजी हंगाम संपल्यावर, वैशाखात येते. राखीपौर्णिमाही श्रावणातच. खेड्यापाड्यांत बहिणीने भावाला राखी बांधण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकात पसरली. तत्पूर्वी ही पौर्णिमा किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा म्हणून व ब्राह्मणांत श्रावणी म्हणून ओळखली जाई. या प्रसारास शाळा, चित्रपट व बाजारपेठ ही कारणे नेहमी सांगितली जातात. तोडणीच्या मुलखात आणखी एक कारण संभवते : श्रावणात सारे घरी असतात. जळगावच्या टोळीतील बाईची आखाजी स्थलांतराने बुडत नाही, बीडच्या टोळीतील बाईची भाऊबीज बुडते. म्हणून भाऊबीजेचे ओझे हळूहळू श्रावणाकडे सरकत असावे, असा तर्क करता येतो.

साडी आणि सातबारा

पाटसच्या बागायतदार घरांतही भाऊबीज होते आणि ती मोठ्या थाटाने होते. परंतु तेथे ताटाखाली एक कागद असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. केंद्राने तो २००५ मध्ये देशभर दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात, २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. कायदा असा असला तरी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावयाची ही रूढी ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास आहे. सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते असे तिला बजावले जाते, आणि माहेर तुटणे म्हणजे प्रत्यक्षात भाऊबीजेला बोलावणे न येणे. कालव्याच्या पाण्याने व रस्त्यांच्या रुंदीकरणाने जेथे एकराचा भाव चढला तेथे ही साडी फार महाग पडलेली आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला होता. बहिणीच्या बाबतीत तेवढे धाडस सार्वजनिक चळवळींनीही क्वचितच दाखविले.

त्याच शिवारात ऊस तोडणाऱ्या बाईच्या माहेरी जमीन नसते किंवा असते ती कोरडवाहू व तुकड्यातुकड्यांची. तिच्या भावाला तिच्याकडून काही सोडवून घ्यावयाचे नसते. गरिबीचे गोडवे गाण्याचे कारण नाही; उचल फेडण्यासाठी भाऊ बहिणीकडे किंवा मेहुणा मेहुण्याकडे हात पसरतो तेव्हा तेथेही नात्याची कसोटी लागतेच. तरी भाऊबीज हा वारसाहक्काचा मोबदला आहे हा अभ्यासकांचा आवडता निष्कर्ष भूमिहीनांच्या भाऊबीजेला लागू पडत नाही. तेथे जी बहीण भावाला ओवाळण्यासाठी धडपडते ती मिळकतीच्या बदल्यात नव्हे.

मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पाटसहून माहेरी जाऊन येण्याचा खर्च त्यामुळे निम्मा झाला. खाड्याचा दंड मात्र निम्मा झालेला नाही. जी जाऊ शकत नाही तिला चंद्र उरतो. परंतु द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला तास-सव्वा तासच दिसते, आणि त्या वेळी फडात गाडी भरणे चालू असते.